आजीच्या देशाची जर्सी आणि विसरलेला कॉल

ताई,

मी २४ वर्षांचा आहे, रग्बी खेळतो, हूकर आहे, म्हणजे पहिल्या फळीतला मधला माणूस. पहिला व्यावसायिक करार होऊन चार वर्षं झाली. राष्ट्रीय संघाच्या शिबिराला तीनदा बोलावणं आलं, पण कसोटीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्याच्या, तेवीस जणांत एकदाही नाव लागलं नाही. तिन्ही वेळा तेच. आठवडाभर सराव करायचा, संघ जाहीर झाला की बॅग भरायची आणि क्लबला परत. माझ्यापुढे दोघं आहेत. एक ३३ वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. दुसरा २५ चा. तो चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात. परदेशातला एक क्लब तीन वर्षांचा करार द्यायला तयार आहे, पगार आत्ताच्या अडीचपट. पण आमची संघटना देशाबाहेर खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघात घेत नाही. दुसरं म्हणजे, माझ्या आईची आई ज्या देशात जन्मली, तिथल्या प्रशिक्षकांचा माझ्या एजंटला फोन आला. येत्या नोव्हेंबरमध्ये ते मला थेट कसोटी खेळवणार म्हणतात. एजंट म्हणतो, दोन्हीकडे हो म्हण. कॅपही मिळेल, म्हणजे देशाकडून खेळल्याचा मान, २०२७ चा विश्वचषकही, आणि त्या जोरावर पगार आणखी वाढवून घेऊ.

लहानपणापासून मला एकच जर्सी हवी होती. सहा वर्षांचा असताना बाबांनी तिची छोटी प्रत आणली होती, ती आईने अजून जपून ठेवलीय. पण वाट बघता बघता वय निघून गेलं तर? आमच्या क्लबमध्ये ३२ वर्षांचे एक जण आहेत. तेही शिबिरांना जाऊन आले, कॅप मिळाली नाही. त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत. त्यांच्याकडे बघितलं की मला भीती वाटते.

या सगळ्यामुळे हल्ली खेळातही लक्ष लागत नाही. तीन आठवड्यांपूर्वी टॅकल करताना डोकं समोरच्याच्या कमरेच्या हाडावर आपटलं, दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली. उठून खेळलो. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण पुढच्याच सामन्याला निवडकर्ते येणार होते. तेव्हापासून झोप नीट नाही. परवा लाइनआउटला उभा राहिलो आणि कॉल काय होता तेच आठवेना. टेन्शनच असणार. एकदा निर्णय झाला की डोकं शांत होईल.

काय करू?

— राखीव हूकर

*

प्रिय राखीव हूकर,

देश, क्लब, आजीचा देश, कशाचंच नाव तू लिहिलं नाहीस ते बरं केलंस. जर्सीबद्दल आणि पैशाबद्दल मी खाली सविस्तर लिहिणार आहे, टाळणार नाही. पण पत्राच्या तळाशी तू जाता जाता जे लिहिलंस, तिथूनच मला सुरुवात करावी लागेल.

लाइनआउट म्हणजे काय हे तुला सांगायला नको, पण हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकाने रग्बी पाहिलेली नसते. चेंडू रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांचे उंचेपुरे खेळाडू शेजारी शेजारी दोन रांगा करतात. रेषेवर चेंडू घेऊन हूकर उभा. त्याच्या रांगेतून कॉल येतो, म्हणजे आकडे आणि शब्दांची सांकेतिक भाषा. कुणाला उचलायचं, रांगेच्या पुढे की शेवटी, चेंडू सपाट की उंच, आणि चेंडू हातात आल्यावर पुढे काय, हे सगळं त्या दोन-तीन शब्दांत भरलेलं असतं. समोरच्यांना सुगावा लागू नये म्हणून हे कॉल सतत बदलत राहतात. रांगेचं शेवटचं टोक पंधरा मीटरांवर, आणि उचललेला माणूस वर टिकतो क्षणभर. हे जमायला हूकर कॉल असे घोटून ठेवतो की झोपेतून उठवला तरी बरोबर सांगेल.

असा माणूस कॉल विसरलाय, त्याची झोप उडालीय, आणि तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. यात टेन्शनचाही वाटा असेल, नाही म्हणत नाही. पण ते ठरवणं तुझं काम नाही आणि माझंही नाही. उद्या सरावाला उतरण्याआधी संघाच्या डॉक्टरांच्या खोलीत जा आणि मला लिहिलंस ते जसंच्या तसं त्यांना सांग. तोपर्यंत टॅकल नाही, स्क्रम (दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंची खांद्याला खांदा भिडवून रेटारेटी) नाही, स्क्रम मशीनसुद्धा नाही. मेंदूला बसलेला एक हादरा भरून निघायच्या आत दुसरा बसला, तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी महागात पडू शकतो. आणि मधल्या काळात डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर डॉक्टरांच्या वेळेची वाट न बघता थेट इस्पितळ गाठ.

मी सतरा वर्षं रग्बी संघांबरोबर फिजिओ म्हणून काढली, त्यामुळे तू गप्प का बसलास ते मला कळतं. खेळाडू काय काय करतात हेही मी पाहिलंय. हंगामाच्या सुरुवातीला स्मरणशक्तीची चाचणी होते, तिच्यात काही जण मुद्दाम कमी गुण पाडून घेतात. पुढे डोक्याला मार लागलाच तर तुलनेत फरक दिसू नये म्हणून. डॉक्टरांना हसवून विषय टाळला जातो, फिजिओला गळ घातली जाते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका लॉकने, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने, सामन्यानंतर घोट्याची पट्टी कापून घेता घेता मला विचारलं, ‘आपण जिंकलो ना?’ मी हो म्हटलं. पट्टी सोडवून होईपर्यंत त्याने तेच आणखी दोनदा विचारलं, त्याच शब्दांत, त्याच हसऱ्या चेहऱ्याने. मला समजायला हवं होतं. मी ते थकव्यावर ढकललं, आणि मंगळवारी तो सरावात टॅकल करत होता. सुदैवाने तो आज बरा आहे. पण माझ्या कामातली ती चूक मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच तुझ्या पत्रातल्या त्या चार ओळी मला सोडवत नाहीत.

आता नियम बदललेत, आणि ते तुझ्याच बाजूचे आहेत. शंका आली की खेळाडूला तात्पुरता बदली देऊन बाहेर घेतात आणि तपासतात. सामना संपल्यावर तीन तासांच्या आत दुसरी तपासणी, आणि ३६ ते ४८ तासांनी तिसरी. हे तीन टप्पे याचसाठी आहेत की काही लक्षणं उशिरा उगवतात. २०२२ च्या जुलैपासून वरच्या पातळीवर कन्कशनचं, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचं, निदान झालेल्या बहुतेकांना किमान १२ दिवस खेळता येत नाही. तू त्याच दिवशी बोलला असतास तर एखाद-दुसरा सामना हुकला असता. आज तीन आठवडे झाले, लक्षणं आहेतच, म्हणजे आता तज्ज्ञाला दाखवावं लागेल आणि कदाचित जास्त दिवस बाहेर बसावं लागेल. ते कबूल कर. निवडकर्त्यांच्या डोळ्यांत भरायचं म्हणून तू खेळलास, पण कॉल विसरणारा हूकर कोणत्या निवडकर्त्याला हवा असेल?

इथे एक नाव घेतेच, कारण तो तुझ्याच जागेवर खेळायचा. स्टीव्ह थॉम्पसन. २००३ मध्ये सिडनीला इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हाचा त्यांचा हूकर. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याने जाहीर केलं की वयाच्या ४२ व्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. तू ज्या क्षणाची सहाव्या वर्षापासून वाट बघतोयस तसा, किंबहुना त्याहून मोठा क्षण त्याच्या आयुष्यात येऊन गेला, आणि त्याच्यापाशी उरला नाही. मी तुला घाबरवत नाही. तुझ्यासारख्या एका हादऱ्यातून बहुसंख्य खेळाडू पूर्ण बरे होतात, पण ते वेळेवर बाहेर बसले म्हणून.

आता आजीच्या देशाकडे येऊ.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. दुसऱ्या देशाकडून खेळण्यात कमीपणा काही नाही. चार्ल्स पियुताऊ न्यूझीलंडकडून १७ कसोट्या खेळला आणि २०२२ मध्ये टोंगाची लाल जर्सी घालून उतरला. त्याचे आईवडील टोंगाचे. मालाकाई फेकितोआ तर जन्मलाच टोंगात, आणि तोही न्यूझीलंडकडून खेळून त्याच वाटेने परत गेला. त्यांच्यासाठी ती दुय्यम जर्सी नव्हती, घरच्यांची होती. त्या सामन्यांचे पैसे मोठ्या देशांच्या मानाने फारच कमी असतात, तरी माणसं जातात ती याच ओढीने.

तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. लहानपणच्या जर्सीबद्दल तू बाबा, आई, सहा वर्षांचं वय, सगळं लिहिलंस. आजीच्या देशाबद्दल एकच गोष्ट लिहिलीस, एजंटला फोन आला. आजीचं बोलणं, तिचं गाव, तिथले खेळाडू, काहीच नाही. ती ओढ तुझ्यात कधी येणारच नाही असं मी म्हणत नाही. आज ती नाही, एवढंच मला दिसतं.

आणि नियमांचा हिशेब मांडलास तर घाईचं कारणही उरत नाही. एखाद्या देशाच्या मुख्य संघाकडून एकदा मैदानात उतरलास की तू त्या देशाचा झालास. काही वेळा संघटनेने नेमलेल्या दुसऱ्या फळीच्या संघाकडून किंवा सेव्हन्समधून (सात-सात जणांची रग्बी) खेळलं तरी हेच होतं, म्हणून ‘नुसता सराव सामना आहे, ये की’ असं कुणी म्हटलं तर आधी लेखी विचारून घे. २०२२ च्या जानेवारीपर्यंत हा दरवाजा जवळजवळ कायमचा बंद व्हायचा. आता एकदाच बदलता येतं, तेही स्वतःच्या किंवा आईवडील, आजीआजोबांच्या जन्माच्या देशाकडे, आणि मध्ये पूर्ण तीन वर्षं एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळता.

आता दोन्ही दिशांनी विचार कर. समजा तू आधी स्वतःच्या देशाकडून खेळलास आणि तिशीत जागा गेली. तीन वर्षं थांबून आजीच्या देशाकडे जाता येईल. तिथे तुझा अनुभव त्यांना हवाच असेल, पियुताऊची वाट हीच. उलट बाजूने बघ. या नोव्हेंबरमध्ये तू तिकडून उतरलास, २०२७ चा विश्वचषक खेळलास आणि मग घरची जर्सी आठवली. तीन वर्षं बाहेर राहून २०३० च्या शेवटी तू पात्र होशील, तिशीच्या आसपास, आणि तुझ्या देशाच्या प्रशिक्षकाने तुला कितीतरी वर्षं हाताखाली पाहिलेलंच नसेल. कागदावर दोन्ही वाटा सारख्याच उघड्या. प्रत्यक्षात आजीचा देश तुझ्यासाठी थांबू शकतो, घरचा थांबणार नाही. येत्या नोव्हेंबरसाठी आत्ताच हो म्हणणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

म्हणून तिथल्या प्रशिक्षकांना नाही म्हण, पण स्वतः फोन करून म्हण, एजंटमार्फत नको. ‘मला अजून घरच्या संघासाठी धडपडायचंय, तुमच्या देशाचा मान राखूनच सांगतोय’ असं सरळ बोललास तर कुठलाही चांगला प्रशिक्षक राग धरणार नाही. आणि आजी कुठे जन्मली याचा अस्सल दाखला आत्ताच मिळवून ठेव. हे मी उगाच सांगत नाही. २००० साली वेल्सकडून खेळणाऱ्या दोघांचे आजीआजोबा तिथले नव्हतेच असं उघड झालं आणि केवढा गहजब झाला. २०२२ मध्ये स्पेनने अपात्र खेळाडू खेळवला म्हणून त्यांचे १० गुण कापले गेले आणि २०२३ च्या विश्वचषकातली त्यांची जागा रोमानियाला मिळाली. एका माणसाच्या कागदपत्रांपायी एका संघाची चार वर्षांची मेहनत गेली.

विश्वचषकाचं गाजर एजंट दाखवतोय त्यात तथ्य आहे. २०२७ ला ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच २० ऐवजी २४ संघ असतील, लहान देशांना खेळाडू हवेत. पण २०३१ चा विश्वचषक अमेरिकेत आहे, आणि तेव्हा तू तिशीच्या आतबाहेर असशील. मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरला मी हे सांगितलं नसतं, वेग गेला की त्याचं दुकान बंद. हूकर मात्र उशिरा पिकतो. मानेची ताकद, स्क्रममधली समज, थ्रोचा ठेहराव, हे सगळं वर्षं खाऊनच येतं. आयर्लंडच्या रोरी बेस्टला कर्णधारपद मिळालं ३३ व्या वर्षी, आणि ३७ व्या वर्षी तो विश्वचषक खेळून निवृत्त झाला. अर्जेंटिनाचा अगुस्तिन क्रेव्ही २०२३ चा विश्वचषक खेळला तेव्हा ३८ चा होता. २४ म्हणजे तुझ्या जागेवर उमेदवारीचं वय.

आणखी एक हिशेब. स्क्रमची पहिली फळी खास तयारीच्या माणसांचीच असावी लागते, त्यामुळे प्रत्येक कसोटीच्या तेवीसांत दोन हूकर असतातच, आणि दुसरा बहुतेक वेळा उतरतोच. तुझ्यापुढचा ३३ चा खेळाडू थांबला की तू तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येतोस, आणि तुझ्या खेळात दुसरा क्रमांक म्हणजेच कॅप. मध्ये खालून कुणी पुढे आलं नाही तर. ते गृहीत धरू नकोस.

मग हे कुणाला विचारायचं? राष्ट्रीय प्रशिक्षकांना. तीनदा शिबिराला गेलास, पण घोडं नेमकं कुठे अडलंय हे विचारल्याचं तू कुठेच लिहिलं नाहीस. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर त्यांची वेळ माग. ‘मी कधी येईन’ हे विचारू नकोस, त्याचं उत्तर कुणी देत नाही. थ्रो कमी पडतोय का, स्क्रम कमी पडतोय का, की स्क्रम-लाइनआउटबाहेरच्या मोकळ्या खेळात मी दिसत नाही, हे विचार. जो प्रशिक्षक तुला खरंच डोळ्यांसमोर ठेवून असेल तो लगेच नेमकं बोलेल: रांगेच्या शेवटच्या टोकाला तुझा चेंडू वाकडा जातो, अमुक कर. जो ‘मेहनत करत राहा’ एवढंच म्हणेल, त्याच्या यादीत तू बहुधा नाहीस. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

परदेशी क्लबचा निर्णय या भेटीवर ठेव. नेमकं उत्तर मिळालं तर २०२७ च्या विश्वचषकापर्यंत घरीच थांब. पगार कमी राहील, मान्य. पण ३३ चा माणूस त्या विश्वचषकानंतर जाणार, आणि ती जागा रिकामी होताना तू देशात असायला हवास. मोघम उत्तर मिळालं तर मनात कसलाही अपराधीपणा न ठेवता जा. परदेशी जाणं म्हणजे काही हद्दपारी नाही. हे नियम संघटना स्वतःच बदलत असतात: वेल्सने परदेशी खेळणाऱ्यांसाठी आधी ६० कॅपची अट ठेवली होती, २०२३ मध्ये ती २५ वर आणली. दक्षिण आफ्रिका तर जगात कुठेही खेळणारा आपला माणूस निवडते. न्यूझीलंडने मात्र दार घट्ट धरलंय.

देऑन फूरीचं उदाहरण तुझ्याच कामाचं आहे. फ्रान्समधल्या क्लबांत तो वर्षानुवर्षं खेळला, मग घरी परतला आणि २०२२ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेकडून पहिली कसोटी खेळला. तो फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू) म्हणूनही खेळायचा, हूकर म्हणूनही. २०२३ च्या विश्वचषकात त्यांचा हूकर माल्कम मार्क्स जायबंदी झाला, तर त्याच्या जागी संघाने हूकर न बोलावता फ्लायहाफ, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणारा मागचा खेळाडू, बोलावला. अंतिम सामन्यात पहिल्या काही मिनिटांतच बोंगी म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला. उरलेला सगळा सामना ३७ वर्षांचा फूरी हूकरच्या जागेवर झुंजला, आणि न्यूझीलंडविरुद्ध १२–११ असा विश्वचषक जिंकला.

पण असल्या गोष्टींच्या भरवशावर मी तुला वाट बघायला सांगत नाहीये. २०११ ला न्यूझीलंडचा स्टीफन डोनाल्ड मासेमारी करत होता, फोन आला आणि त्याने अंतिम सामन्यात निर्णायक पेनल्टी मारली, ही गोष्ट तुझ्यासारख्या प्रत्येक खेळाडूला ऐकवली जाते. ज्यांचा फोन वाजलाच नाही ते कितीतरी जास्त आहेत. त्यांच्याबद्दल पुढे येतेच.

करार करायचा ठरला तर काही गोष्टी पक्क्या करून घे. तीनऐवजी दोन वर्षं माग, म्हणजे घरी परतायची वाट लवकर उघडेल. दुखापतीत किती महिने पूर्ण पगार मिळेल, शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचा हक्क तुझा आहे का, आणि देशाने बोलावलं तर सोडण्याबद्दल करारात काय लिहिलंय, हे वकिलाकडून वाचून घे. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय काळात खेळाडूला सोडणं क्लबवर बंधनकारक आहे, तरी लहान देशांच्या खेळाडूंवर ‘आपणहून नाही म्हण’ असा दबाव आल्याच्या तक्रारी होत आल्यात. क्लबची आर्थिक तब्येतही बघ. इंग्लंडमध्ये २०२२-२३ च्या एका हंगामात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे वरच्या फळीतले तीन क्लब कोसळले आणि करार हातात असलेले खेळाडू रस्त्यावर आले. अडीचपट पगार मोठा खरा, पण तो दर महिन्याला जमा झाला तर.

एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याचं पोट सह्यांवर आहे. तू थांबलास तर त्याला काहीच मिळत नाही, हे लक्षात ठेवून त्याचं ऐक. आणि नव्या क्लबची वैद्यकीय तपासणी होईल तेव्हा हा डोक्याचा मार लपवलास तर पुढे करार आणि विमा दोन्ही अडचणीत येऊ शकतात. म्हणजे हा रस्ताही डॉक्टरांच्या खोलीतूनच जातो.

अभ्यासाचं काय केलंस? पत्रात काही नाही म्हणून विचारते. वेल्सचा जेमी रॉबर्ट्स कसोट्या खेळत असतानाच २०१३ मध्ये डॉक्टर झाला, अर्जेंटिनाचा फेलिपे कोंतेपोमीही तसाच. तुला डॉक्टर व्हायची गरज नाही. पण सॅम वॉरबर्टनसारखा लायन्सचा (ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाचा) कर्णधार मान आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर २९ व्या वर्षी थांबला, हे लक्षात ठेवून एखादा अभ्यासक्रम सुरू कर. बाहेर बसावं लागेल त्या आठवड्यांत नको, तेव्हा पडद्यासमोर आणि पुस्तकात डोकं शिणवू नकोस. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा.

आता तुझ्या क्लबमधले ते ३२ वर्षांचे सहकारी. त्यांच्याकडे बघून भीती वाटते असं लिहिलंस, पण ते बोलत नाहीत म्हणजे ते दुःखी आहेत हे तू स्वतःच ठरवून टाकलंस. मी अशा बऱ्याच जणांच्या खांद्यांना पट्ट्या बांधल्यात. काहींना खरंच आतून सल असतो. काहींना दोनशे क्लब सामने, एक घर, आणि प्रत्येक शनिवारी आपल्याला हाक मारणारा संघ एवढं पुरलेलं असतं. फक्त त्यांना कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना भीती वाटते. तू विचार. आणि त्यांनाच उद्या डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. तो सामना ते तुझ्यासोबत खेळले असतील, तर तुला मार लागल्यानंतर तू कसा वागत होतास हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, आणि डॉक्टरांना ते हवंच असतं.

जाताना कागदावर चार गोष्टी लिहून ने. मार लागल्याची तारीख. त्यानंतर कोणकोणत्या दिवशी टॅकलचा सराव केलास. रात्री किती वाजता जाग येते. आणि परवा विसरलास तो कॉल कोणता होता, नंतर तो आपोआप आठवला की दुसऱ्या कुणी सांगावा लागला.

तुझी ताई